रिकाम्या ट्रकचं भाडं कोण भरतं?

मागच्या अंकात ट्रकच्या धंद्याबद्दल प्रश्न पाठवा म्हणून दोनच ओळी छापल्या होत्या, तर गोव्यातल्या डिचोली-सांग्यापासून पेडण्यापर्यंत इतके प्रश्न आलेत की सगळे एका अंकात बसणं शक्यच नाही. सारखे होते ते एकत्र केलेत. बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हणून बजावलंय, त्यामुळे कोणाचंच छापत नाही, फक्त गाव देतो.

प्रश्न : भाऊ, आमचे दोन टिप्पर होते. २०१२ ला खाणी बंद पडल्या तेव्हा एक मिळेल त्या भावात विकला, दुसरा अंगणात गंजला. आता खाणी परत सुरू होतायत, गावातली पोरं सेकंडहँड टिप्पर घ्यायला लागलीत आणि माझा मुलगापण मागे लागलाय. घ्यावा का? (डिचोली)

मुलाला आधी एवढंच विचारा की ट्रिपा कोण देणार आणि ते कागदावर आहे का. ‘सगळे घेतायत’ हे उत्तर आलं तर थांबा, कारण सगळे घेतायत हीच तर भीती आहे.

तुम्ही ते दिवस बघितलेत, मुलाने बहुतेक फक्त ऐकलेत, म्हणून त्याच्यासाठी लिहितो. आपलं लोहखनिज कमी ग्रेडचं, बरंचसं ५८ टक्के लोहाच्या खालचं, देशातल्या पोलाद कारखान्यांना ते फारसं नको होतं. २००० नंतर चीनला ते चालायला लागलं आणि मग जो भाव चढला त्यात २०१०-११ ला गोव्यातून ५ कोटी टनांच्या वर खनिज बाहेर गेलं. खाणीपासून जेटीपर्यंत ट्रक, जेटीपासून मुरगाव बंदरापर्यंत मांडवी नाहीतर झुवारी नदीतून बार्ज (सपाट मालबोट), अशी ती साखळी. ट्रकवाल्याचा पल्ला दहा-वीस किलोमीटरचा, पण दिवसाला ट्रिपा भरपूर, म्हणून बँकापण डोळे मिटून लोन देत सुटल्या. मग सप्टेंबर २०१२ ला बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला, राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाने पक्कं कुलूप लावलं. एप्रिल २०१४ ला कोर्टाने परवानगी दिली पण वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून. पुढे फेब्रुवारी २०१८ ला ८८ खाणपट्ट्यांच्या लीजचं नूतनीकरण रद्द केलं आणि १६ मार्चपासून परत सगळं ठप्प. म्हणजे सहा वर्षांत दोनदा धंदा बंद, आणि दोन्ही वेळा ट्रकवाल्याची काही चूक नसताना.

आता डिसेंबर २०२२ पासून खाणींच्या ब्लॉकांचे लिलाव झालेत, तुमच्या डिचोलीचाच ब्लॉक आधी सुरू झाला. पण तीन गोष्टी बदलल्यात आणि त्या पोरांच्या हिशेबात दिसत नाहीत.

पहिली म्हणजे, २ कोटी टन धरले तरी ते जुन्या तेजीच्या निम्म्याहून कमी आहेत, आणि तेव्हाचे सहा चाकी दहा टनवाले ट्रक जाऊन आता दहा चाकी आलेत, ते एका ट्रिपेत दीड-दोनपट माल नेतात. माल निम्मा आणि ट्रकची ताकद वाढलेली, मग ट्रक किती लागणार याचं गणित चौथीतला पोरगापण करेल. दुसरं, लिलावात खाणवाल्यांनी सरकारला द्यायच्या हिश्श्याची बोली लावलीय आणि डिचोलीच्या ब्लॉकालाच ती ६० टक्क्यांच्या वर गेली. एवढा वाटा सरकारला दिल्यावर खाणवाला पैसे वाचवायला कुठे बघणार, तर वाहतुकीच्या रेटकडे. हे माझं अनुमान आहे, पण ट्रक संघटनांची रेटवरून जी भांडणं होतायत ती बघता फार चुकीचं नसावं. तिसरं, भाव चीनच्या हातात. २०११ च्या सुरुवातीला टनाला १८० डॉलरच्या वर असलेलं खनिज २०१५ च्या अखेरीस ४० च्या खाली आलं, २०२१ ला परत २०० पार गेलं. त्यात सरकारचं काय मनात येईल ते वेगळंच, मे २०२२ ला आपल्या कमी ग्रेडच्या मालावरसुद्धा ५० टक्के निर्यात शुल्क बसलं आणि नोव्हेंबरमध्ये उठलं. आता २०२५ च्या अखेरीपासून आफ्रिकेत गिनीमधल्या सिमांदू खाणीचा माल बाजारात यायला लागलाय आणि तो उच्च ग्रेडचा आहे, तो चीनला भरपूर मिळायला लागला की आपल्या मालाला गिऱ्हाईक राहील पण भाव कितपत राहील ते बघायचं.

शिवाय पावसाळा. जूनपासून चार महिने खनिज वाहतूक नाही, हप्ता मात्र बारा महिने. काही फायनान्सवाले पावसाळ्यात हप्ता कमी ठेवून देतात, पण ते आधी मागून घ्यावं लागतं, नंतर कोणी ऐकत नाही.

माझं मत सरळ आहे. रोखीने स्वस्तात जुना टिप्पर मिळत असेल, इंजिन आणि हायड्रॉलिक बरं असेल आणि खाण थांबली तर तोच टिप्पर चिरे, खडी, माती भरायला चालेल अशी ओळख तुमच्याकडे असेल तर घ्या. घर गहाण ठेवून नवा घेऊ नका. २०१२ नंतर सरकारला वन टाइम सेटलमेंटची, म्हणजे थकलेलं कर्ज एकदाच ठरलेल्या रकमेत मिटवायची योजना आणायला लागली होती ती कशामुळे, हे मुलाला जेवताना एकदा नीट सांगा, तुम्ही सांगितलेलं त्याला जास्त पटेल.

प्रश्न : माझं फोंड्याला होलसेल दुकान आहे. बेळगावहून माल मागवतो तर ट्रकवाला जाण्यायेण्याचं दोन्ही भाडं लावतो. माझा माल एकाच बाजूचा, मी रिकाम्या ट्रकचे पैसे का द्यायचे? (फोंडा)

कारण दुसरं कोणी देत नाही म्हणून! राग येणं बरोबर आहे, पण आधी त्याचा हिशेब बघा.

फोंडा ते बेळगाव अनमोड घाटातून साधारण सव्वाशे किलोमीटर धरू. भरलेला दहा चाकी लिटरला चारेक किलोमीटर देतो, रिकामा पाचेक. हिशेबाला सोपं म्हणून डिझेल ९० रुपये धरा. येताना भरलेला म्हणजे ३१ लिटर, जाताना रिकामा तरी २५ लिटर. एकूण ५६ लिटर म्हणजे ५ हजारांच्या आसपास, त्यातले सव्वादोन हजार रिकाम्या फेरीचे. हे फक्त डिझेल झालं. टायर रिकामापण झिजतो, ड्रायव्हरचा भत्ता दोन्ही बाजूंचा, टोल दोन्ही बाजूंचा, आणि हप्ता तर ट्रक उभा असला तरी चालूच. त्यामुळे त्याने एका बाजूचं भाडं घेतलं तर दोन महिन्यांत तो ट्रक फायनान्सवाल्याच्या यार्डात दिसेल.

खरी गोम अशी की गोवा हे घेणारं राज्य आहे. भाजी बेळगावहून, दूध महाराष्ट्र-कर्नाटकातून, सिमेंट बाहेरून, स्टील बाहेरून, हॉटेलांना लागणारं सगळंच बाहेरून, चिरे आणि वाळूसुद्धा सिंधुदुर्गातून येतात. बाहेर काय जातं? वेर्ण्याची औषधं, दारू-बियर, काजू, मासळी, थोडं भंगार. मुरगावातून कोळसा जातो पण तो बहुतेक रेल्वेने. औषधांना बंद बॉडी लागते, मासळीला इन्सुलेटेड गाडी, तुमचा कांदा-बटाटा आणलेला उघडा ट्रक तिथे चालत नाही. म्हणजे शंभर ट्रक भरून आत येतात आणि परत जाताना त्यातल्या थोड्यांनाच माल मिळतो, बाकीचे ताडपत्री गुंडाळून घाट चढतात. आपल्याकडे टोमॅटो महाग का, याचं थोडं उत्तर या ताडपत्रीत आहे.

आणि आता एक गोष्ट लिहितो ज्यावर मला शिव्या पडणार. कित्येक इंडस्ट्रियल इस्टेटींत बाहेर जाणारा माल आधी स्थानिक ट्रकनेच न्यायचा असा संघटनांचा आग्रह असतो. स्थानिकांना काम मिळावं हे मला पटतं, गावाची जमीन गेली, धूळ गावाने खाल्ली, मग धंदापण गावाला मिळू दे. पण त्याचा दुसरा परिणाम असा की बेळगाव-कोल्हापूरहून माल घेऊन आलेला ट्रक इथून रिकामा जातो, आणि इथला ट्रक माल घेऊन पुण्याला गेला की तिथून गोव्याचा माल शोधत दोन दिवस पडून राहतो, नाहीतर रिकामाच परततो. म्हणजे एका मालासाठी दोन ट्रक रिकामे धावले. त्या दोघांचं डिझेल शेवटी कोणाच्या बिलात येतं, तर तुमच्या, आणि तुमच्याकडून गिऱ्हाइकाच्या. पंजाबमध्ये ट्रक युनियनांची मक्तेदारी इतकी झाली की तिथल्या सरकारने २०१७ ला नियम करून ती मोडली. आपल्याकडे तसं सरसकट मोडावं असं मी म्हणत नाही, पण अर्धा माल स्थानिकांना राखीव आणि बाकीचा खुला, एवढी तडजोड व्हायला काय हरकत आहे ते मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

तुम्ही काय करू शकता? वार ठरवून घ्या. आठवड्यातून तीन वेळा अर्धा-अर्धा ट्रक मागवण्यापेक्षा शेजारच्या दोन दुकानदारांना घेऊन ठरलेल्या दोन वारी पूर्ण ट्रक भरून मागवा. वार पक्का असला की ट्रकवाला जाताना रिकामे क्रेट, बारदान, भंगार असलं काहीतरी शोधून ठेवू शकतो, अचानक फोन केल्यावर शोधू शकत नाही. आणि माल आला की दोन तासांत उतरवून मोकळा करा. फोंड्याच्या बाजारात सकाळी आलेला ट्रक दुपारी तीनपर्यंत उभा असतो, हमाल नाही, मालक जेवायला गेलाय, कधी गाळ्यात जागाच नाही. तो अर्धा दिवस वाया गेलेला ट्रकवाला तुमच्या भाड्यातच धरतो, फक्त बिलावर वेगळं लिहीत नाही.

प्रश्न : डिझेल वाढलं की भाडं लगेच वाढतं, डिझेल कमी झालं की कमी का होत नाही? (म्हापसा)

होतं, पण तुमच्यापर्यंत पोचत नाही. नोव्हेंबर २०२१ ला केंद्राने डिझेलवरची एक्साइज १० रुपयांनी कमी केली, मे २०२२ ला अजून ६. पण त्याच्या आधी वर्षभर डिझेल चढत होतं तेव्हा ट्रकवाल्याने तोटा सोसून गाडी चालवली होती, कारण भाडं डिझेलवर ठरत नाही, त्या दिवशी त्या नाक्यावर माल किती आणि ट्रक किती यावर ठरतं. डिझेल उतरलं आणि माल जास्त असेल तर भाडं तसंच राहतं. डिझेल चढलं आणि ट्रक जास्त उभे असतील तरीही भाडं तसंच राहतं, तेव्हा मात्र कोणी पत्र लिहून विचारत नाही! मोठ्या कंपन्यांच्या करारात डिझेल अमुक रुपयांनी हललं की रेट अमुक टक्के हलेल असं कलम असतं, छोट्या गाडीमालकाने पण ते मागावं. डिझेल जीएसटीत नाही, त्यामुळे त्यावरच्या टॅक्सचं क्रेडिट (भरलेला टॅक्स पुढच्या टॅक्समधून वजा करायची सोय) कोणालाच मिळत नाही, आणि ट्रकच्या खर्चात निम्म्याच्या आसपास तेच असतं. बाकी गोव्यात डिझेल शेजारच्या दोन्ही राज्यांपेक्षा थोडं स्वस्त पडतं हे ट्रकवाल्यांना चांगलं माहितीये, सीमेवरच्या पत्रादेवी आणि पोळ्याच्या पंपांवरच्या रांगा बघा.

प्रश्न : माझ्या तीन गाड्या आहेत. एका कंपनीचा माल नेतो, बिल दिलं की ९० दिवस, कधी १२० दिवस. विचारलं तर म्हणतात अकाउंट्सला पाठवलंय. काय करू? (वेर्णा)

ट्रकच्या धंद्यात लोक तोट्याने कमी बुडतात, उधारीने जास्त बुडतात. डिझेल रोख, टोल फास्टॅगमधून आधीच कापलेला, ड्रायव्हरचा भत्ता रोख, आणि तुमचे पैसे चार महिन्यांनी. म्हणजे त्या कंपनीला तुम्ही बिनव्याजी कर्ज देताय आणि ते देण्यासाठी स्वतः व्याजाने काढताय.

पहिलं काम, उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, केलं नसेल तर करून घ्या, फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. तीन गाड्यांवाला सूक्ष्म उद्योगात आरामात बसतो. कायदा असा की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, तेही महिन्याला चक्रवाढ, व्याज. आणि आता त्याला इन्कम टॅक्सचा खुंटा मारलाय, त्या मुदतीत पैसे दिले नाहीत तर ज्या वर्षी देतील त्याच वर्षी तो खर्च धरता येतो. त्यामुळे मार्च जवळ आला की अकाउंट्सवाले स्वतः फोन करायला लागलेत, हा बदल मी बघतोय. बिलावर उद्यम नंबर ठळक छापा, म्हणजे ‘आम्हाला माहीत नव्हतं’ ही सबब राहत नाही.

दुसरं, बिलाबरोबर माल पोचल्याची सही-शिक्क्याची पावती (पीओडी) त्याच दिवशी पाठवा, व्हॉट्सअॅपवर फोटो आणि मूळ कागद कुरियरने. निम्मी बिलं ‘पीओडी आली नाही’ म्हणून अडकतात आणि ती कुठे असते तर ड्रायव्हरच्या सीटखाली. गाड्या दहा किंवा कमी असतील तर पॅन नंबरसकट तसं लिहून दिलं की टीडीएस कापत नाहीत, तेवढेच पैसे हातात.

तक्रार करायला सरकारचं ऑनलाइन पोर्टल आहे. पण खरं सांगू का, तक्रार केली की पैसे मिळतील आणि काम जाईल, हे तुम्हालाही माहितीये मलाही माहितीये. म्हणून तिन्ही गाड्या एकाच कंपनीवर ठेवू नका. एक तरी रोखीच्या कामाला, भाडं थोडं कमी मिळालं तरी.

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत जाऊन ट्रक चालवायचं म्हणतोय, पुढे स्वतःचा ट्रक घेणार. तिकडे ट्रकवाले खूप कमवतात असं व्हिडिओत दाखवतात. खरं आहे का? (मडगाव)

काका, ते व्हिडिओ कधीचे आहेत ते बघायला सांगा. २०२०-२१ ला कोविडमध्ये तिकडचे लोक घरी बसून वस्तू मागवत होते, सरकारने हातात पैसे दिले होते, माल तुफान आणि ट्रक कमी. तिकडे भाड्याचे दोन प्रकार, एक वर्षभराचा करार आणि दुसरं त्या-त्या दिवशीचं स्पॉट भाडं. स्पॉटचं भाडं असं वर गेलं की ड्रायव्हरांनी नोकऱ्या सोडून स्वतःचे ट्रक घेतले, तेही चढ्या भावाने. २०२२ मध्ये लोक परत हॉटेलात आणि फिरायला जायला लागले, वस्तूंची खरेदी मंदावली, त्याच उन्हाळ्यात डिझेल विक्रमी महाग, आणि स्पॉट भाडं कोसळलं. करारवाले त्यातल्या त्यात तगले, स्पॉटवर जगणारे एकेका ट्रकचे मालक आधी गेले. मोठेपण सुटले नाहीत, यलो नावाची १९२४ पासूनची कंपनी, जवळपास ३० हजार कामगार, जुलै २०२३ अखेर बंद पडली आणि ऑगस्टमध्ये दिवाळखोरीत गेली. तिच्यावर कर्ज होतं, युनियनशी भांडण होतं, पण मंदी नसती तर अजून थोडी ओढली असती. आणि ही मंदी लवकर संपलीच नाही, कारण तेजीत घेतलेले ट्रक रस्त्यावरून सहज जात नाहीत, मालक हप्त्यापुरतं भाडं घेऊन चालवत राहतो आणि त्यामुळे सगळ्यांचंच भाडं खाली राहतं. आपल्या डिचोली-सांग्याच्या माणसाला यात नवीन काही नाही.

आता व्हिसाचा भाग. २०२५ मध्ये तिकडे ड्रायव्हरला इंग्रजी बोलता-वाचता यायला पाहिजे या नियमाची कडक तपासणी सुरू झाली, नापास झाला की तिथेच गाडी थांबवतात. ऑगस्ट २०२५ ला कमर्शियल ट्रक ड्रायव्हरांसाठीचे वर्क व्हिसा थांबवल्याचं त्यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी जाहीर केलं, बाहेरच्यांना मिळणारं लायसन्सपण अवघड केलं. त्यामुळे ‘सगळं आम्ही बघतो, वीस लाख द्या’ म्हणणारा एजंट असेल तर भाच्याला घरातून बाहेर पडू देऊ नका.

प्रश्न : जीएसटी कमी झाल्यावर नवा ट्रक घेणं परवडतं की जुनाच बरा? (कुडचडे)

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रकवरचा जीएसटी २८ वरून १८ झाला, टायरवरचापण, आणि मालवाहू गाडीच्या थर्ड पार्टी इन्शुरन्सवरचा १२ वरून ५. करापूर्वी ३० लाख किंमत असेल तर सरळ ३ लाख वाचले. पण यात एक मेख आहे. ज्या मोठ्या ट्रान्सपोर्टवाल्यांना टॅक्सचं क्रेडिट मिळतं त्यांना २८ असो की १८, फार फरक नाही, ते परत मिळायचंच. खरा फायदा क्रेडिट न मिळणाऱ्या छोट्या गाडीमालकाला, म्हणजे तुम्हाला. मात्र नवा स्वस्त झाला की जुन्याचा भाव आपोआप उतरतो, त्यामुळे जुना विकून नवा घेणार असाल तर वाचलेल्यातलं थोडं तिकडे जाणार. आणि जुना घेणार असाल तर दलालाला आधीचे भाव सांगू देऊ नका.

नव्यात २०२५ पासून एसी केबिन आलीय, बीएस-६ या प्रदूषणाच्या नियमामुळे युरिया भरायचा खर्च आहे आणि सेन्सर बिघडला तर गावचा मेस्त्री हात लावत नाही, कंपनीच्या वर्कशॉपलाच न्यावं लागतं. दुसरीकडे १५ वर्षांवरच्या ट्रकची फिटनेस फी २०२२ लाच साडेबारा हजार झाली होती आणि पुढे वाढतच गेलीय. माझा साधा आडाखा असा, महिन्याला गाडी सहा-सात हजार किलोमीटरच्या वर धावणार असेल तर नवी, गावातल्या गावात खडी-माती ओढायची असेल तर जुनी. नवी गाडी कमी चालली की हप्ता मालकाला खातो.

प्रश्न : ड्रायव्हर टिकत नाही. पगार वाढवला तरी जातो. (साखळी)

गोव्यातला पोरगा टॅक्सी चालवेल, रेंट-अ-कार काढेल, ट्रकवर बसणार नाही, हे आता मान्य करायला पाहिजे. बाहेरून येणारा ड्रायव्हर पगारासाठी येतो पण जातो तो बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणाने, गेटबाहेर दोन दिवस उभं राहणं, संडासची सोय नाही, चेकनाक्यावरचा खर्च मालक मान्य करत नाही, शॉर्टेज आलं, म्हणजे पोचलेला माल कमी भरला, की त्याच्या पगारातून कापलं. जानेवारी २०२४ ला देशभर ड्रायव्हर रस्त्यावर उतरले होते, अपघातानंतर पळून गेल्यास १० वर्षांपर्यंत शिक्षेचं कलम नव्या कायद्यात आलं म्हणून, ते कलम सरकारने अजून लागू केलेलं नाही, पण त्यातली भीती खरी होती, थांबलो तर जमाव मारणार आणि पळालो तर जेल. माझ्या बघण्यात जे मालक ड्रायव्हर टिकवतात ते दोन गोष्टी करतात, उभ्या दिवसाचा भत्ता धावत्या दिवसाएवढाच देतात आणि मे महिन्यात गावी जायला सुट्टी आधी ठरवून देतात. हे पगारवाढीपेक्षा स्वस्त पडतं.

प्रश्न : मुंबईकडून माल आणायला रो-रोने ट्रक आणणं परवडतं का? (पेडणे)

कोकण रेल्वेची ही सेवा २६ जानेवारी १९९९ पासून आहे, कोलाडला ट्रक वॅगनवर चढवायचा आणि वेर्ण्याला उतरायचं. डिझेल, टायर, घाटातली झीज वाचते, ड्रायव्हर झोपून येतो. घाईच्या मालाला नाही, पण पावसाळ्यात आणि गणपतीच्या आधी, जेव्हा हायवेवर जड वाहनांना बंदी असते तेव्हा, जरूर विचार करा. घाटांचा भरवसा नाही, २०२५ च्या पावसात अनमोडचा रस्ता खचून जड गाड्या थांबल्या ते ताजंच आहे. उंची मोजून घ्या, वरून विजेची तार आहे, ताडपत्रीचा डोंगर केलेला ट्रक घेत नाहीत.

प्रश्न : एकच दहा चाकी आहे, हिशेबाच्या वह्या ठेवत नाही. रिटर्न भरायलाच पाहिजे का? (सांगे)

वह्या नसल्या तरी चालतं. दहापर्यंत गाड्या असलेल्यांसाठी अंदाजित उत्पन्नाची सोय आहे. १२ टनांवरच्या गाडीला एकूण वजनाच्या प्रत्येक टनामागे महिन्याला १ हजार रुपये उत्पन्न धरतात, त्याहून छोट्या गाडीला सरसकट महिन्याला साडेसात हजार. तुमचा २८ टनांचा धरला तर २८ हजार महिना, वर्षाचे ३ लाख ३६ हजार. इन्कम टॅक्सच्या नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला रिबेट आहे, म्हणजे दुसरं उत्पन्न नसेल तर टॅक्स शून्य. बिल्टी (माल नेण्याची पावती) तुम्ही स्वतः फाडत नाही, दुसऱ्या ट्रान्सपोर्टवाल्याला गाडी भाड्याने देता, त्यामुळे जीएसटीचंही झंझट नाही. रिटर्न मात्र भरा, पुढच्या ट्रकसाठी बँकेत गेलात की मॅनेजर पहिलं तेच मागतो, तीन वर्षांचं.